मळभातील कुटुंबचित्र

घरच्या माणसांचा फोटो हा टीकेचा विषय होऊ शकतो, हे आपल्याकडे सहसा कोणी मान्य करीत नाही. चित्राविषयी लिहावे, शिल्पाविषयी लिहावे, फार तर एखाद्या नामवंत छायाचित्रकाराच्या कामाविषयी लिहावे; पण कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ‘ग्रूप फोटो’त लिहिण्यासारखे ते काय असणार? त्यातील माणसे ज्यांची असतात त्यांना तो प्रिय असतो, इतरांना त्याचे काही नसते. आणि प्रिय वस्तूची चिकित्सा करू नये असा एक संकेतही आहे. तो मोडण्याचे धाडस मी करतो आहे, त्याला कारण माझ्यापुढे असलेले दोन फोटो. दोन्हींत तीच माणसे आहेत, दोन्ही १९७२ सालच्या भाद्रपदातील एकाच आठवड्यातले आहेत, आणि दोन्ही दिल्लीच्या करोल बागेतले आहेत. एक स्टुडिओत, दिव्यांच्या झोतात काढलेला. दुसरा घराच्या गच्चीवर, मळभ आलेल्या एका दुपारी. पहिला चाळीस वर्षे आमच्या बैठकीच्या भिंतीवर होता. दुसरा ‘बिघडला’ म्हणून पेटीत गेला. हा निकाल चुकीचा होता असे माझे मत आहे.

प्रथम त्या दुपारची हकीकत सांगितली पाहिजे. वडील केंद्रीय सचिवालयात नोकरीला होते आणि आम्ही वेस्टर्न एक्स्टेन्शन एरियात एका बरसातीत राहत होतो. बरसाती म्हणजे काय, हे दिल्लीत मुरलेल्या वाचकांना सांगावयास नको. नुकतेच बदलून आलेल्यांसाठी सांगतो. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना पावसाची सर आली असता धावत जाऊन आसरा घेता यावा म्हणून बांधलेली ती एक खोली. पुढे या शहरात घरांची टंचाई झाली तेव्हा त्या आसऱ्यात कारकुनांनी आपले संसार मांडले. खोली लहान, परंतु सगळी गच्ची आपली, आणि गच्चीवरचे सगळे आभाळ आपले. १९७२ चा तो दुष्काळ महाराष्ट्रात ज्यांनी पाहिला त्यांच्या तो स्मरणातून जाणे शक्य नाही. आमच्या माणदेशातल्या विहिरीने तळ दाखवला, काका खडी फोडण्याच्या कामावर गेले, आणि आजीला वडिलांनी दिल्लीस आणले. तिची ती पहिली आणि अखेरची दिल्ली.

गावी एक फोटो पाठवावा असे वडिलांच्या मनात आले. परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाचा कुटुंबाचा फोटो हा बहुधा एक दाखला असतो. त्यावर सहीशिक्का नसला तरी मजकूर ठरलेला: आम्ही सर्व येथे कुशल आहोत, मुले अंगाने भरली आहेत, आई आमच्याजवळ सुखात आहे. कचेरीतल्या एका पंजाबी मित्राकडे अ‍ॅग्फाचा क्लिक-थ्री होता. बडोद्यात बनणारा तो काळा कॅमेरा त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांतून सर्रास दिसे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत, आणि भिंगाजवळच्या खटक्यावर सूर्य आणि ढग अशी चित्रे असत. हवा पाहून खटका सरकवायचा, बाकीचे दैवावर सोडायचे. मित्राने खटका ढगावर आणला. आमच्या वाट्याला बारांपैकी एकच फोटो आला.

मळभातला उजेड फोटोला चांगला, असे आता जो तो सांगतो. कारणेही सर्वांना पाठ असतात: भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो, दाट मळभात तो १०,००० च्याही खाली उतरतो, माणसे डोळे बारीक करीत नाहीत, नाकाची सावली ओठांवर पडत नाही, पांढरे धोतर आणि काळासावळा चेहरा दोन्ही एकाच निगेटिव्हवर नीट उमटतात. हे सर्व खरे आहे. जुन्या स्टुडिओंची बांधणीही याच तत्त्वावर असे. विजेचे दिवे येण्यापूर्वी स्टुडिओला उत्तरेकडे तोंड केलेले काचेचे छत ठेवीत, म्हणजे सूर्य आत येत नसे, केवळ आभाळाचा उजेड येई. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि नारायण दाजींसारखे आपले लोक या विद्येत नाव मिळवू लागले, तेव्हापासून हिंदुस्थानातल्या छायाचित्रकाराला कडक उन्हाशी झुंजावे लागले आहे. त्यामुळे ढगाची त्याला वाटणारी कृतज्ञता समजण्यासारखी आहे.

पण या कृतज्ञतेतून एक चुकीची समजूत रूढ झाली. मळभाचा प्रकाश सर्वांवर सारखा पडतो, त्याला दिशा नसते, म्हणून त्यात सगळे सारखेच चांगले दिसतात, अशी ती समजूत. वस्तुतः मळभाला दिशा असते, आणि ती वरून खाली अशी असते. सर्वत्र ढगांनी भरलेल्या आभाळाचा माथ्यावरचा भाग क्षितिजालगतच्या भागापेक्षा सुमारे तिप्पट उजळ असतो. मून आणि स्पेन्सर या अभ्यासकांनी १९४२ मध्ये हे सूत्रात मांडले आणि १९५५ मध्ये प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने ते प्रमाण मानले. मोकळ्या मैदानात किंवा गच्चीवर माणूस बोडका उभा राहिला की कपाळ उजळते, केस उजळतात आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. वय जितके अधिक, खोबण जितकी खोल, तितका काळोख जास्त. मळभ मुलांना माफ करते, प्रौढांना करीत नाही.

आमच्या फोटोत हे स्पष्ट दिसते. वडील उजवीकडे उभे आहेत. त्यांच्या मागे कठड्यापलीकडे नुसते आभाळ आहे. ते इतके पांढरे आले आहे की त्यांचे डोके कात्रीने कापून चिकटवल्यासारखे वाटते. त्यांचे डोळे जवळजवळ दिसतच नाहीत. घरचा कर्ता पुरुष, ज्याच्या हौसेसाठी हा सारा खटाटोप, त्याचाच चेहरा सर्वांत वाईट आला. ‘बिघडला’ या शब्दाचा उगम येथे आहे, हे उघड आहे.

आणि आई? आई डावीकडे, बरसातीच्या विटांच्या भिंतीलगत उभी आहे. सासूबाईंपुढे म्हणून तिने डोक्यावर पदर घेतला आहे आणि तो कपाळापुढे दोन बोटे आला आहे. उन्हातल्या फोटोंत हाच पदर तिचा वैरी असे. आमच्या घरी आईचे उन्हात काढलेले सात-आठ फोटो आहेत आणि त्यांपैकी एकातही आई नाही. पदराखाली एक काळा लंबगोल आहे आणि त्याखाली मंगळसूत्र आहे. अशा फोटोंत आपल्या आया-आज्यांची एक संपूर्ण पिढी हरवलेली आहे, हे घरोघरच्या पेट्या उघडून पाहणाऱ्यास दिसेल. मळभात मात्र उलटे होते. माथ्यावरून येणारा जो कठोर उजेड वडिलांचे डोळे बुजवतो, तो पदर अडवतो; आईच्या चेहऱ्यावर समोरून, क्षितिजाकडून येणारा मंद उजेड तेवढा पोचतो. एखाद्या पडवीत बसलेल्या माणसाचा चेहरा जसा उजळावा तसा तो उजळला आहे. डोळ्यांत बारीक टिपके आहेत, ओठांची मिटणी दिसते, आणि ती हसत नाही हेही दिसते. हा फोटो मी मोठेपणी पाहिला तेव्हा मला प्रथम वाटले ते असे की तरुणपणी आई अशी दिसत होती हे मला ठाऊकच नव्हते.

उन्हाने ज्याला उजेडात ठेवले त्याला मळभ मागे सारते आणि जिला सावलीत ठेवले तिला पुढे आणते. हा काही न्याय नव्हे. ढगाला न्याय-अन्याय ठाऊक नसतो, आणि पदर ही काही स्त्रीला उजेड मिळावा म्हणून निघालेली रीत नव्हे. पण फोटोच्या समीक्षकाने योगायोगाचेही मोल केले पाहिजे, कारण या कलेत योगायोगाचा वाटा मोठा असतो.

आता स्टुडिओतला फोटो. त्याची कारागिरी निर्दोष आहे. पडद्यावर रंगवलेला बगीचा आहे, मध्ये कोरीव पाठीची खुर्ची आहे आणि तीत आजीला बसवले आहे. वडील तिच्या खांद्यामागे, आई त्यांच्या डावीकडे एक पाऊल मागे, मी आणि बहीण पुढे गुडघ्यांवर हात ठेवून. मुख्य दिवा वडिलांच्या रोखाने आहे. सगळ्यांचे खांदे खांद्यांना चिकटलेले आहेत. इतकी जवळ आम्ही माणसे बसमध्येही उभी राहत नसू. येथे नाती खुर्चीने सांगितली आहेत, दिव्याने सांगितली आहेत आणि उरलेली स्टुडिओवाल्याने हाताने खांदे सरकवून सांगितली आहेत. दाखला म्हणून हा फोटो उत्तम आहे. गावी तोच गेला.

गच्चीवर सांगणारे कोणी नव्हते. सावल्या नाहीत, म्हणून दुपारचे किती वाजले तेही कळत नाही. पडदा नाही, सामान म्हणावे तर एक खाट आणि कपडे वाळत घालण्याची तार. अशा वेळी फोटोत अर्थ सांगण्याचे साधन एकच उरते, ते म्हणजे माणसामाणसांतील अंतर. आजी खाटेवर टेकली आहे, पुरती बसलेली नाही. परक्या घरी टेकतात तशी. वडील तिच्यापासून दीड हात लांब उभे आहेत. आईचा हात खाटेच्या पायावर आहे, आजीच्या पाठीपासून चार बोटांवर, पण पाठीवर नाही. आम्ही मुले मधल्या जागेत, दोघेही कॅमेऱ्याकडे पाहणारे. आणि आजी कॅमेऱ्याकडे पाहत नाही. ती वर पाहते आहे. पदर मागे सरला आहे, उन्हाने रापलेला चेहरा आभाळाकडे वळला आहे, आणि माथ्यावरचा तो तिप्पट उजेड सगळाच्या सगळा तिच्या चेहऱ्यावर आला आहे. चित्रात सर्वांत उजळ तीच. “माताजी, इधर देखो” असे वडिलांचे मित्र ओरडले होते, हे मला आठवते. तिला हिंदी कळले नाही, म्हणून फोटो फुकट गेला, असे वडील पुढे सांगत.

जाणत्या छायाचित्रकारांनी हे अंतर ओळखून वापरले आहे. पॉल स्ट्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराने १९५३ मध्ये इटलीतल्या लुझारा या गावी एका कुटुंबाचा फोटो घेतला. दारात आई उभी, भोवती पाच मुलगे, कोणी बसलेला, कोणी भिंतीला टेकलेला, एकाजवळ सायकल. कोठे कडक सावली नाही, कोणी कोणाला चिकटलेला नाही, कोणी हसत नाही. प्रत्येक जण आपल्या जागी एकटा आहे आणि तरीही यांतला एक काढून घेतला तर चित्र कोसळेल. १९५५ मध्ये झवात्तिनीच्या मजकुरासह निघालेल्या त्या गावावरच्या पुस्तकात हा फोटो आहे. आपल्याकडे कुटुंब म्हटले की माणसे जवळ आणण्याची घाई होते. स्ट्रँडने ती केली नाही. निकोलस निक्सनने १९७५ पासून चाळीसहून अधिक वर्षे आपल्या पत्नीचा आणि तिच्या तीन बहिणींचा दरवर्षी एक फोटो प्रसिद्ध केला. चौघी प्रत्येक फोटोत त्याच क्रमाने उभ्या असतात. क्रम बदलत नाही म्हणूनच कोणत्या वर्षी कोण कोणाकडे झुकली, कोणाचा हात कोणाच्या दंडावर आला, हे दिसू लागते. वडिलांच्या मित्राला यांपैकी कोणाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने माणसांना उभे केले नाही, एवढेच. ती आपली आपण उभी राहिली.

या फोटोचे दोष लपविण्याचे मला कारण नाही. मित्र खाली बसून घेता तर आभाळ आणखी आले असते. खुर्चीवर उभा राहून घेता तर मागे ममटीच्या विटा आल्या असत्या आणि वडिलांचे डोके वाचले असते. मळभात आभाळ चौकटीत जितके कमी तितके बरे, हा साधा नियम त्याला माहीत नव्हता. कपड्यांची तार बहिणीच्या डोक्यातून निघाल्यासारखी दिसते. बहिणीने त्याबद्दल अद्याप क्षमा केलेली नाही.

पांढऱ्या आभाळाचा हा प्रश्न जुनाच आहे. आरंभीच्या काचा निळ्या रंगाला इतक्या हळव्या होत्या की आभाळ कोरेच येई. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० नंतरच्या काही वर्षांत समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसरीवरून छापून त्यावर तोड काढली. तेव्हा आज मोबाइलवर बोट फिरवताच कोऱ्या आभाळाच्या जागी सूर्यास्त येतो, त्याने दचकण्याचे कारण नाही. युक्ती पावणेदोनशे वर्षांची आहे. मला आक्षेप आहे तो वेगळ्या ठिकाणी. ल ग्रेने समुद्रावर ढग आणले. समुद्राला ढगाचे काही वाटत नाही. पण आमच्या फोटोतले आभाळ बदलून तेथे निळे, निरभ्र आकाश बसवले तर आजी कशाकडे पाहते आहे? कुटुंबाच्या फोटोत हवा ही केवळ पार्श्वभूमी नसते. त्या दिवशी त्या माणसांवर जे आभाळ होते ते त्यांच्या हकीकतीचा भाग असते. हल्ली चेहरे गुळगुळीत करून मागचे सगळे धूसर करण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात माणसे राहतात, पण ती कोठे होती आणि कोणत्या ऋतूत, हे पुसले जाते. बदलीच्या नोकरीत चार-पाच गावांतून संसार हलवणाऱ्यांना हे पुसले जाणे परवडणारे नाही. आपल्या मुलांना गाव नसते. फोटोतली गच्ची असते.

ती गच्ची आता नाही. घर पाडून तेथे हॉटेल झाले, आणि करोल बागेत अशी हॉटेले आता गल्लोगल्ली आहेत. पूसा रोडवरून २००५ पासून मेट्रो धावते. अजमल खान रोड २०१९ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा झाला, आणि ढगाळ संध्याकाळी तेथे कुटुंबेच्या कुटुंबे मोबाइलपुढे उभी असलेली दिसतात. मीही पाहत उभा राहतो. रस्त्याच्या मधोमध उभे राहणाऱ्यांचे डोळे खोल जातात, आमच्या वडिलांसारखे. पण एखादे कुटुंब दुकानाच्या पत्र्याखाली, उंबऱ्याशी उभे राहिले की माथ्यावरचे आभाळ झाकले जाते, उजेड समोरून येतो आणि म्हाताऱ्यांचे चेहरे उघडतात. चार मजली घरांमधल्या अरुंद गल्ल्यांत तर आभाळाची नुसती पट्टी उरते. तेथे गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याकडे चेहरा करून माणसाला उभे करावे, जुन्या स्टुडिओचे उत्तरेचे छत फुकट मिळते. दिल्लीत असे दिवस कमी. पावसाळ्याचे थोडे आणि हिवाळी पावसाच्या आगेमागे दोन-चार. हिवाळ्यातल्या धुरकट दिवसांना मी मळभ म्हणत नाही. त्या उजेडाने चेहरे मऊ न होता मळकट होतात. कोकणातून आलेल्या वाचकांना चार महिने मिळणारा हा प्रकाश येथे पंचांग पाहून गाठावा लागतो.

गेल्या वर्षी पेटीत त्या फोटोची निगेटिव्ह मिळाली. चांगली मोठी प्रत काढून घेतली आणि आईपुढे ठेवली. आई आता पंच्याऐंशीची आहे, वडील नाहीत. मी तिला पदराच्या उजेडाचे सांगितले, ते तिने हसून ऐकले. मग विचारले, आजी वर काय पाहत होती?

“ढग. मला हळूच म्हणाल्या आत्याबाई, ह्ये ढग आपल्याकडं जायाचं न्हाईत.”

तिने प्रत चष्म्याजवळ नेली आणि वडिलांच्या डोळ्यांखालच्या काळोखावर बोट ठेवले. मी मळभाच्या प्रकाशाची दिशा समजावू लागलो.

“उजेडाचं नाही ते,” ती म्हणाली. “आदल्या दिवशी भावोजींचं पत्र आलं होतं, बैलजोडी विकली म्हणून. रात्रभर डोळा नव्हता यांना. आत्याबाईंना सांगितलं नव्हतं.”